‘तिकडचा क्राउड चांगला नाही’ म्हणतात, घर बदलू का?

पत्र थोडक्यात: अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातून, सिल्व्हर स्प्रिंगहून एका आईचं पत्र आलं आहे. मूळच्या नाशिकच्या. सात वर्षं मेट्रो स्टेशनजवळच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. नवऱ्याची नोकरी व्हाइट ओकला, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. दहा वर्षांची मुलगी पाचवीत आहे, पुढच्या वर्षी मिडल स्कूल. शाळेत अर्धे विषय स्पॅनिशमधून असल्यामुळे ती स्पॅनिश घडाघडा बोलते; मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. जिवलग मैत्रीण इथिओपियन. मराठी मंडळातल्या बहुतेक मैत्रिणी क्लार्क्सबर्गला नाहीतर नदीपलीकडे व्हर्जिनियात अॅशबर्नला. त्या भेटल्या की म्हणतात, ‘तिकडचा क्राउड चांगला नाही, शाळेचं रेटिंग चार आहे, मुलीसाठी तरी निघा.’ सासूबाई तीन महिने राहून गेल्या, त्यांनीही तेच ऐकवलं. नवरा म्हणतो, ‘मुलीला इथं जग कळतंय, मी हलणार नाही.’ यंदा मंडळाच्या गणपतीत मुलगी कोपऱ्यात एकटी बसलेली दिसली आणि त्यांना रडू आलं. लीज जूनमध्ये संपते. त्या विचारतात, ‘इथून निघावंसं वाटणं म्हणजे मी कोत्या मनाची आहे का? नसेन, तर काय करू?’

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते ओझं घेऊन पुढचं काही नीट दिसायचं नाही. नाही, तुम्ही कोत्या मनाच्या नाही. परक्या देशात सात वर्षं काढल्यावर दारात कुणीतरी उभं राहून ‘काय गं, झाला का चहा?’ असं विचारावं, एवढं वाटण्यात गैर काय आहे? इथिओपियातून, एल साल्वादोरमधून आलेली माणसं तुमच्या आसपास एकवटली ती याच ओढीने. तुम्हाला मात्र त्या ओढीची लाज वाटते आहे. ती आधी सोडा.

पत्र दोनदा वाचलं. मुलीला मैत्रीण आहे, नवऱ्याला ऑफिस आहे, सासूबाईंना त्यांची मतं आहेत. तुमचं स्वतःचं, सिल्व्हर स्प्रिंगमधलं एकही माणूस पत्रात नाही. सात वर्षांत एकही नाव नाही. ‘मुलीसाठी निघायचं’ असं तुम्ही लिहिता, पण एकटं कोण पडलं आहे? गणपतीत कोपऱ्यात बसलेल्या मुलीकडे बघून तुम्हाला रडू आलं, त्यात थोडं रडू स्वतःसाठी नव्हतं का? तुमचं दुःख मला खोटं ठरवायचं नाही. पण मुलीच्या शाळेची अडचण आणि आईचा एकटेपणा यांचं औषध एकच असेल असं नाही. दोन्हींसाठी एकच घर शोधलंत तर कदाचित दोन्हींना पुरायचं नाही.

आता तो शब्द. ‘क्राउड’. हा शब्द आपण सगळेच वापरतो, मीही वापरला आहे. गर्दी मोजायला आपण तो वापरत नाही. ‘तिथं कोण राहतं’ हे न बोलता सांगायला वापरतो. म्हणून मैत्रिणींना एकदा शांतपणे विचारा, क्राउड म्हणजे नेमकं काय? रात्री स्टेशनवरून येताना भीती वाटते, असं त्यांना म्हणायचं असेल तर तो खरा मुद्दा आहे आणि तो तपासता येतो. तुमच्या माँटगोमेरी काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचे, पोलीस गुन्ह्यांच्या नोंदी संकेतस्थळावर टाकतात. तुमच्या इमारतीभोवतीच्या चार गल्ल्यांचं गेलं वर्षभर बघा, तेवढंच क्लार्क्सबर्गचंही बघा. चोऱ्या होतात, गाड्या पळवल्या जातात. ‘काही नसतं हो’ असं मी म्हणणार नाही. पण ‘क्राउड’चा अर्थ ‘काळे आणि स्पॅनिश बोलणारे खूप आहेत’ एवढाच निघत असेल, तर त्यावर मुलीचं घर ठरवू नका.

त्या गावात हेच वाक्य एकेकाळी कायदेशीर कागदावर लिहिलेलं होतं. १९२० आणि ३० च्या दशकांत सिल्व्हर स्प्रिंगच्या नव्या वसाहतींची जाहिरात व्हायची, तेव्हा अनेक खरेदीखतांत अट असे की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. घरकामाला राहणारे नोकर तेवढे चालत. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्टांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये, आणि १९६८ च्या कायद्याने घरं विकता-देताना असा भेद करणंच बेकायदा ठरवलं. आपण त्यातून वेगळे होतो असंही नाही. १९२३ मध्ये पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात याच न्यायालयाने ठरवलं होतं की हिंदुस्थानातला माणूस ‘गोरा’ धरता येत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. आपल्यासाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि पुढे तुमचे शेजारीही आले.

हा इतिहास तुम्हाला दोषी ठरवायला सांगत नाही. मुंबईत ‘आमच्याकडे मांसमच्छी खाणारे चालत नाहीत’ म्हणून मराठी माणसाला घर नाकारलं की आपल्याला किती झोंबतं ते आठवा. आणि आपल्याच गावात, आपल्याच माणसांनी आडनाव विचारून किती जणांना ‘खोली आत्ताच गेली’ असं सांगितलं, तेही आठवा. ज्याला नकार मिळतो त्याच्या घरी त्या रात्री काय बोलणं होतं हे आपल्याला माहीत आहे. म्हणून तो शब्द तुमच्या मुलीच्या कानावर पडू देऊ नका. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण त्याच क्राउडमधली आहे.

रेटिंगचं बघू. ज्या संकेतस्थळावरचे आकडे सगळे दाखवतात, ते मोठ्या प्रमाणात परीक्षेतल्या गुणांवर बेतलेले असतात, आणि परीक्षेतले गुण बऱ्याच अंशी घरच्या उत्पन्नावर आणि आईवडिलांच्या शिक्षणावर हलतात. ज्या शाळेत बरीच मुलं नुकतीच इंग्रजी शिकायला लागली आहेत, तिचा आकडा खालीच येणार. शिक्षक कसे शिकवतात, हे त्यातून फारसं कळत नाही. पण इथं मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगून थांबणार नाही. वर्गात कोण आहे याने काहीच फरक पडत नाही, असं म्हणणं खरं नाही. याच माँटगोमेरी काउंटीतला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सगळीकडे सांगितला जातो: सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांची जी मुलं सुस्थितीतल्या शाळांत गेली, ती तशाच घरातल्या पण गरीब शाळांत गेलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. हे शक्य झालं, कारण तिथं १९७० च्या दशकापासून कायदा आहे की मोठ्या नव्या वसाहतीत काही घरं परवडणाऱ्या दरात ठेवायची, आणि त्यातली काही काउंटीची गृहसंस्था घेते. पण तो फायदा दिसला तो ज्यांच्या घरी कमी होतं त्या मुलांना. तुमच्या घरात दोन पदवीधर आहेत, पुस्तकं आहेत, रोज रात्री अभ्यास विचारणारं माणूस आहे. त्या अभ्यासावरून तुमच्या मुलीचं नुकसान होईल, असा अर्थ निघत नाही.

म्हणून आकडा सोडा आणि शाळेत जा. पुढच्या वर्षीच्या मिडल स्कूलची एका सकाळची वेळ मागून घ्या. सहावीच्या गणिताचे किती स्तर आहेत, स्पॅनिश पुढे चालू राहतं का, मागच्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, हे विचारा. मग जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या दाराशी उभ्या राहा. टेबलांवर मुलं मिसळून बसली आहेत, की प्रत्येक टेबल एका रंगाचं आहे? रेटिंगमध्ये हे कधीच कळत नाही. पुढे हायस्कूलचंही तसंच. माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूल तुमच्याच भागातलं, तीन हजारांवर मुलांचं, आणि १९८५ मध्ये सुरू झालेला गणित-विज्ञानाचा तिथला खास वर्ग देशभर नावाजलेला आहे.  मात्र एक सांभाळा: त्या काउंटीत शाळांच्या हद्दी आणि विशेष वर्ग यांची फेरमांडणी चालू आहे. घर घेताना ‘अमुक शाळा मिळते’ हे एजंटच्या तोंडचं धरू नका; पत्ता घालून शाळा विभागाकडूनच खात्री करून घ्या.

आता तुमच्या यजमानांशी थोडं बोलायचं आहे. हे त्यांना वाचायला द्या.

‘मुलीला इथं जग कळतंय’ हे तुमचं वाक्य चांगलं आहे. ईस्टर्न अॅव्हेन्यूच्या एका बाजूला देशाची राजधानी आणि दुसऱ्या बाजूला २०२० च्या जनगणनेत ८१ हजारांचं गाव, ज्याला ना महापौर ना नगरपालिका, सगळा कारभार काउंटीचा. त्यात इथिओपियाची अॅम्हॅरिक, स्पॅनिश, फ्रेंच, बंगाली कानावर पडतं. पण शेजारी राहणं आणि शेजार असणं यांत अंतर आहे. सात वर्षांत तुम्ही किती इथिओपियन घरांत जेवलात? हॉटेलात नव्हे, घरात. इमारतीच्या भाडेकरूंच्या सभेला कधी गेलात? ती पर्पल लाइन नावाची नवी रेल्वे होते आहे ना, बेथेस्डापासून न्यू कॅरोलटनपर्यंत १६ मैल, २१ स्थानकं. तिच्यामुळे लाँग ब्रांच आणि लँगली पार्कमधली भाडी चढतील या काळजीत किती कुटुंबं आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे का? ज्या गावाचं कौतुक सांगायचं त्याची काळजीही थोडी वाहावी लागते. आणि बायको एकटी पडली असताना ‘मी हलणार नाही’ म्हणणं हा हट्ट आहे, त्याला विविधतेचं प्रेम म्हणू नका. राहायचं असेल तर मुलीच्या मराठीची निम्मी जबाबदारी तुमची. शनिवारी मराठी शाळेत तुम्ही सोडा, तुम्ही आणा.

पुन्हा तुमच्याकडे वळते. मराठीचा मुद्दा सगळ्यात जिव्हाळ्याचा, म्हणून त्यावर थांबते.

अॅशबर्नला गेल्यावर मुलगी मराठी बोलेल, असं तुम्ही धरून चालला आहात. मी अशा बऱ्याच घरांत गेले आहे. आया ओट्याशी मराठीत बोलतात, बाबा टीव्हीसमोर मराठीत बोलतात आणि तळघरात सहा मराठी मुलं एकमेकांशी फक्त इंग्रजीत बोलतात. भोवती मराठी माणसं असली की भाषेचा कान तयार होतो, सण साजरे होतात, मूल मोदक ओळखतं. हे सगळं मोलाचं आहे. पण बोलायला लागायचं तर समोर असं माणूस हवं, ज्याच्याशी मराठीतच बोलावं लागतं. नाशिकची आजी ते माणूस आहे. दर रविवारी व्हिडिओवर नातीला आजीकडून एक पदार्थ शिकू द्या, मध्ये तुम्ही भाषांतर करायला बसू नका. आजीला ‘स्पून’ कळला तरी कळला नाही म्हणायला सांगा. आणि लक्षात घ्या, तुमची मुलगी शाळेत दुसऱ्या भाषेत विचार करायला शिकली आहे. जिला स्पॅनिशची क्रियापदं चालवता येतात, तिला ‘मी जाते, तो जातो, आम्ही जातो’ कठीण नाही. तिला अजून कारण मिळालेलं नाही. गणपतीत ती एकटी का होती, हे तिला विचारलंत का? कदाचित तिथल्या मुलींची रोजची शाळा एक आहे आणि ही वर्षातून चारदा येते, एवढंच असेल. मग पुढच्या वेळी तिच्या मैत्रिणीलाही आरतीला घेऊन या.

त्या मैत्रिणीची आई. पत्रात तिचा उल्लेख नाही, पण माझं मन सारखं तिच्याकडे जातंय. तिची मुलगीही बहुधा अॅम्हॅरिकमध्ये विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. इथिओपियन चर्चमध्ये सुटीच्या दिवशी मुलांना त्यांची लिपी, फिदेल, शिकवतात, आणि तिथंही मुलं ‘का जायचं?’ म्हणत असतील. तिचे नातलगही तिला म्हणत असतील की आपल्या माणसांजवळ ये. तुम्ही मला लिहिलेलं पत्र तिनेही जवळजवळ तसंच लिहिलं असतं. तिच्याकडे जा. १९७४ च्या क्रांतीनंतर तिच्या देशातून माणसं बाहेर पडू लागली. घर सोडण्याची तिची कहाणी तुमच्यापेक्षा कदाचित खूप अवघड असेल. पण ओळखीला एवढ्या मोठ्या विषयाची गरज नाही. त्यांची शिरो म्हणजे हरभऱ्याच्या नाहीतर तशाच डाळीच्या पिठाचं कालवण, आपलं पिठलंच म्हणा. इंजेरा आंबवलेल्या पिठाची, जाळी पडलेली, आंबोळीची मोठी बहीण. त्यांच्यातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात आणि त्या दिवशी दूध, अंडं, मांस काही खात नाहीत. सासूबाई पुढच्या वेळी आल्या की त्यांना हे सांगा. उपासाच्या गप्पा सुरू झाल्या की तासभर तरी भाषा आड येत नाही. आणि एका रविवारी त्यांना न्यू हॅम्पशायर अॅव्हेन्यूवरून उत्तरेकडे गाडीने फिरवून आणा. कंबोडियन बौद्ध विहार, मशीद आणि तिच्याशी जोडलेला दवाखाना, युक्रेनियन चर्च, आणि मग आपलं मंगल मंदिर, सगळं एकाच रस्त्यावर. त्यांनी तीन महिने खिडकीतून पाहिलेली वस्ती त्यांना वेगळी दिसेल असं वाटतं. न दिसली तर न दिसली, दर्शन तरी होईल.

आता जूनचं. मला तीन वाटा दिसतात, आणि तिन्ही प्रामाणिकपणे मोजायला हव्यात.

अॅशबर्नची वाट मी तुमच्यासाठी सगळ्यात कमी धरते. व्हाइट ओकला रोज पोटोमॅकवरच्या पुलावरून बेल्टवेने, म्हणजे वॉशिंग्टनभोवतीच्या वळसा-रस्त्याने यायचं म्हणजे गर्दीच्या वेळी जायला तासाहून जास्त, यायला तेवढंच. नवरा रात्री आठला दमून घरी येणार आणि मराठी मैत्रिणी असूनही संसार तुम्ही एकटीने ओढणार. क्लार्क्सबर्ग वेगळं आहे. तेही माँटगोमेरी काउंटीतच, तोच शाळा विभाग. आणि तिथंही अनेक देशांची माणसं राहतात, हे तुमच्या मैत्रिणी बहुधा विसरल्या. तिथला प्रवास २७० क्रमांकाच्या महामार्गाने, तोही सोपा नाही, पण तुमचा एकटेपणा खरंच कमी होणार असेल तर तो विचार करण्यासारखा आहे. मधली वाट कुणी सुचवलेली दिसत नाही: कोल्सव्हिल, बर्टन्सव्हिल, अॅस्पेन हिल. नोकरी जवळ, मंदिर जवळ, मुलीची मैत्रीण शनिवारी येऊ शकेल एवढं अंतर, आणि थोडं अंगण.

आणि राहण्याची वाट. ती निवडलीत तर तीही मुदत घालून निवडा. त्या काउंटीत घरमालकाने दोन वर्षांचा करार देऊ करायचा असतो, आणि २०२४ पासून बऱ्याच जुन्या इमारतींना वर्षाला जास्तीत जास्त ६ टक्के भाडेवाढीची मर्यादा लागू आहे. तुमची इमारत त्यात येते का, ते काउंटीच्या गृहनिर्माण विभागाला फोन करून विचारा. माझ्या मते तुम्ही आत्ता एक-दोन वर्षं राहावं. मुलीची शाळा बदलतेच आहे, त्यात मैत्रीणही तुटली तर दोन धक्के एकदम बसतील. पण नुसतं राहू नका. फेंटन स्ट्रीटच्या ग्रंथालयात सभेच्या खोल्या मिळतात. महिन्यातून एकदा ‘मराठी गोष्टी, कुणीही या’ अशी चिठ्ठी मंडळाच्या गटात टाका. सिल्व्हर स्प्रिंग, टाकोमा पार्क, व्हीटन इथं तुमच्यासारखी विखुरलेली मराठी घरं नक्की आहेत. त्यांना वाटतं आहे की आपण एकटेच. तीन घरं आली तरी खूप झालं. वर्षभराने तुमच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या माणसांची दोन-तीन नावं नसतील, तर घर बदला, आणि तेव्हा कुणाला स्पष्टीकरण देऊ नका.

हाच पेच असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी: गाव लंडनच्या कडेचं असो, दिल्लीच्या सीमेवरचं नोएडा असो, की ठाण्यापलीकडची नवी वसाहत, ‘मुलांसाठी निघतोय’ असं म्हणण्याआधी मुलांना विचारा. दहा वर्षांच्या मुलीला निर्णय सोपवायचा नसतो, पण तिचं म्हणणं जेवणाच्या टेबलावर, आईबाबा दोघंही समोर असताना ऐकायचं असतं. घरात अबोला असेल, तर तिला ते आधीच कळलेलं असतं.

करारातली नोटिशीची तारीख आजच बघून ठेवा. आणि त्या मैत्रिणीच्या आईकडे कॉफीला जाल, तेव्हा मोकळा शनिवार निवडा. त्यांच्याकडे बिया समोर भाजून, कुटून, मातीच्या भांड्यात कॉफी करतात आणि ती तीनदा वाढतात: अबोल, तोना, बरका. पहिल्या पेल्यानंतर घाईने उठू नका.